हात लावू नका म्हटलेली रजई

४ नोव्हेंबर, सकाळ
नात झाली. ही पहिल्या गाडीने लेकीकडे गेली. मी चार दिवसांनी जायचं ठरलं. कोणी ठरवलं ते कळलं नाही, पण मी मोठ्या मनाने होकार दिला. निघताना ही म्हणाली, टेबलावरची रजई तशीच राहू दे, मागच्या टिपा सैल आहेत, तिला हात लावू नका.

म्हणजे नातीची रजई ही घाईत विसरली. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने पाळणा केलाय. लेक फोनवर त्याचंच कौतुक करत होती. ठरलं. टिपा पक्क्या करून रजई मीच घेऊन जाणार. क्वालिटी विभागात उभा जन्म गेला. दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

दुपार
तपासणी. वरून उत्तम. पाठीवर दोऱ्याचे फासे लोंबतायत. बाळाचं बोट अडकेल. निदान: दोरा गरजेपेक्षा जास्त वापरला. उपाय: जास्तीचा कापणे. छोटी कात्री घेऊन बसलो. चहा गार व्हायच्या आत पाठ गुळगुळीत. बायका उगाच एवढ्याशा कामाचा बाऊ करतात.

संध्याकाळ
रजई झटकली. वरच्या टिपेचा दोरा आख्खा हातात आला. मग शेजारचा. हल्ली दोरे चांगले मिळत नाहीत.

लेकीला फोन करून दुधाच्या वेळांचा तक्ता कसा आखायचा ते समजावलं. ती म्हणाली, बाबा, नंतर बोलते. लिहून घेत असावी.

५ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई म्हणते, सैल टीप थोडी उसवा, दोऱ्याची शेपटं लांब ठेवा, त्यांना गाठ मारा, सुईत ओवून टोकं आतल्या कापसात लपवा. मग जुन्या टिपेवर थोडं चढून नवी टीप घाला. पद्धत पटली. वेळखाऊपणा पटला नाही. शेपटं तर काल कापलीच होती, म्हणजे निम्मं काम झालेलं. गाठ वगळली, बाळाला टोचेल. हिचा दोरा पिवळा आहे. माझा हिरवा, पण फिकट.

दुपार
मशीनवर बसलो. खालून पुन्हा फासे, आधीपेक्षा मोठे. दोऱ्याचा ताण ठरवणारं टेन्शनचं चक्र आवळलं. दोरा तुटला. सैल केलं. जाळं झालं. मशीन सदोष, असा शेरा मनात लिहिला. मग दिसलं की सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय खाली घेतलेलाच नाही. कोणीतरी वर ठेवला होता. घरात सध्या मी एकटाच आहे.

६ नोव्हेंबर
सैल टिपा एका टोकाने ओढून घट्ट केल्या. एकदम पक्क्या. फक्त रजईला घेर आला, फ्रॉकला असतो तसा. त्याने ऊब वाढते.

बोटांना प्लास्टरच्या चिकटपट्ट्या. उजव्या हाताला कमी, कारण सुई त्याच हातात होती.

लेकीला फोन करून बाळाला कुठल्या कुशीवर निजवायचं ते सांगितलं. फोन हिने घेतला. मी आपणहून म्हटलं, सगळं ठीक आहे. तिने विचारलं, काय ठीक आहे? मी म्हटलं, घर.

नंतर रजई मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. हिने पाठ मोडेस्तोवर शिवली असणार. भीती वाटते आहे. उद्या इस्त्री करू.

७ नोव्हेंबर
इस्त्री केली. घेर आता कायमचा बसला. वाईट बाजू आत ठेवून घडी घातली. दोन्ही बाजू वाईट असल्याने अवघड गेलं.

८ नोव्हेंबर, लेकीचं घर
पोहोचलो. पाळण्यात नात. तिच्या अंगाखाली पिवळी रजई. एकही टीप सैल नाही.

पिशवीतली बाहेर काढली. ही म्हणाली, अहो, हे कशाला आणलंत? जुन्या चादरीवर टेन्शन जुळवायला शिवलेला नमुना होता तो. खरी रजई मी येतानाच आणली.

मी विचारलं, मग हात लावू नका का म्हणालीस? ही म्हणाली, त्याशिवाय तुम्ही लावला असतात का? मी म्हटलं, म्हणजे? तिने लेकीकडे पाहिलं. लेक बाळाचं टोपडं नीट करायला लागली. मग हीच हळू आवाजात म्हणाली, पोरीला चार दिवस शांतता हवी होती हो. तुम्ही घरी कशात तरी गुंतलेले बरे, असं आम्हाला वाटलं.

मी म्हटलं, अगदी योग्य नियोजन.

नातीला घेतलं. प्लास्टर टोचेल म्हणून लगेच परत दिलं. व्याह्यांनी छान घेतलं तिला.

रात्री जेवताना सहज म्हटलं, मी उद्याच निघावं म्हणतो. कोणीही म्हणालं नाही, एवढ्यात?