दोन पानांत आत्या

३ फेब्रुवारी
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यांना पाठवायची तुझ्या माहितीची दोन पानं मिळाली. विमा कंपनी जुने वकील कमी करतेय आणि महिनाअखेरीपर्यंत प्रत्येकाने आपली माहिती पाठवायचीय, हे वाचून आईच्या तोंडचं पाणीच पळालं. तुझ्या ऑफिसला बहुतेक कामं त्यांचीच ना.

तू म्हणतेस, ‘तुला कळलं तर कोणालाही कळेल.’ नववीत शाळा सोडलेलीला विचारतेस, कमाल आहे. तीनदा वाचलं. बावीस वर्षं दिवाणी दावे, विमा कंपनीतर्फे चारशे खटले, एवढं कळलं. पण त्यात तू कुठे दिसलीच नाहीस. समोर असतीस तर हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. बेकरीवाल्यांचं का नाही लिहिलंस?

राग धरू नकोस,
तुझी बोलकी
(गप्प बसते म्हणून तूच ठेवलेलं नाव)

९ फेब्रुवारी
चि. बोलकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही, दोन दिवस फुगून बसले फक्त. अगं, तुला अर्धंच माहीत आहे. बेकरी जळाली. कंपनीचं म्हणणं, मालकानेच आग लावली. मी कंपनीची वकील. पण कोर्टात उत्तर द्यायच्या आधी जागा बघायची ही माझी खोड. भट्टीमागे वाकून पाहिलं तर मीटरची वायर वितळलेली, आणि त्याच वायरीबद्दल मालकाने आधी तीनदा केलेली तक्रार. मी कंपनीला कळवलं, लढू नका, भरपाई द्या. कंपनीचे साहेब तेव्हा म्हणाले होते, बाई, तुम्ही नक्की कोणाच्या? आता तेच साहेब वकील निवडणार. सांग, लिहू?

आईला सांग, जेवत जा म्हणावं.
आत्या

१४ फेब्रुवारी
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लिही. मी शिवते त्या शिंप्याच्या दुकानात जुने कोट उलटून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, शिवायला येतात. कापड विरलेलं असलं तर मी मान खाली घालून का होईना, आधीच सांगते. एक बाई तर कोट हिसकावून गेल्या. त्याच काल मुलीचा फ्रॉक शिवायला टाकायला आल्या.

चार ओळी लिहिल्यात, चुका सुधार. ‘मी आधी जागा बघते. दावा खोटा असेल तर शेवटपर्यंत लढते. खरा असेल तर लगेच तसं सांगते. एकदा सांगितलं होतं, साहेबांना आवडलं नव्हतं.’

घाबरत घाबरत,
बोलकी

२ मार्च
चि. बोलकीस,
अनेक आशीर्वाद.

एक वेलांटी सुधारली, बाकी तुझं तसंच. काल बोलावलं होतं. साहेबांनी दोन पानं चाळली, चार ओळींवर थांबले, चष्मा काढला. शेवटची ओळ खरी आहे म्हणाले. मग म्हणाले, आगीचा प्रत्येक दावा आता आधी तुमच्याकडे येईल. जागा बघायची आणि लढायचं की द्यायचं ते सांगायचं.

कोर्टातली निम्मी कामं तरुण वकिलांकडे गेली. थोडं लागलं मनाला. पण ऑफिस राहिलं. सोमवारी एका जळक्या वखारीत जायचंय, त्यासाठी जुन्या चपला शोधतेय.

माया आहे तशीच असू दे,
आत्या