‘आम्ही’ सोडून

ताईस सलाम,

आम्ही सगळे मजेत आहोत. यांच्या उपदेशाला चर्च भरतं. कुणाला काही सललं की पाळक म्हणून यांच्याकडे येतात, त्यांना चहा ठेवते. पण पाळकाच्या बायकोनं कुणाकडे जावं?

म्हणून शिवणक्लासच्या नावाखाली एका म्हाताऱ्या सिस्टरांकडे आत्मिक मार्गदर्शनाला जाते. दोघीच असतो. त्यांनी विचारलं, “कशी आहेस?” म्हटलं, “आम्ही बरे आहोत.” म्हणाल्या, “आमचं नको, तुझं सांग.” तासभर बसले, पण ‘मी’नं सुरू होणारं एक वाक्य तोंडातून निघेना.

तुझा गुडघा कसा आहे? उत्तर जपून लिही, आलेली पत्रं हेच फोडतात. शिवण कसं चाललंय, एवढंच विचार.

ताई, मी बरी नाही. बघ, लिहिता आलं.

तुझी,
धाकटी