कोंबड्याच्या पोटात

वसतिगृह,
३ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण उत्तर लिहायला बसले की कागद बोटांना चिकटतो. सध्या माझ्या हातांना, केसांना आणि बाबांनी घेऊन दिलेल्या नव्या स्वेटरला एकच वास येतो, खळीचा. आमच्या विद्यापीठात दरवर्षी दिव्यांची मिरवणूक निघते. इथे शिकायला आलेली देशोदेशींची मुलं आपापले कंदील आणि सोंगं घेऊन गावभर फिरतात. यंदा सगळ्यांनी मिळून एकच कोंबडा करायचा ठरलं आहे, टेम्पोएवढा. व्यायामशाळेमागच्या शेडमध्ये त्याचा सांगाडा उभा आहे आणि मी त्याच्या शेपटीवर आणि पंखांवर नेमलेली आहे. हसू नकोस.

आमचे सर तुला नक्की आवडतील. बोलणं मोजकं, नजर तीक्ष्ण, आणि डाव्या हाताने कामटी अशी सोलतात की बघत राहावं. पहिल्याच दिवशी त्यांनी गाठ शिकवली. दोरा ओला करायचा, दोन वेढे द्यायचे, टोक आत दडवायचं. म्हणजे आपलीच गाठ, तू मला खुर्चीच्या पायाला बांधायला लावायचीस तीच, फक्त त्यांची उलट्या बाजूने पडते. मी बांधून दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि कुठे शिकलीस म्हणून विचारलं. मी घरी म्हटलं. त्यावर ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

कोंबड्याची गंमत म्हणजे पोटाखाली दोरी धरून उचलणारा चालायला लागला की मान आपोआप डुलते. ही युक्ती सरांनी तरुणपणी केलेल्या लहान कोंबड्यातली. त्यावरच त्यांना इथली नोकरी मिळाली असं सगळे सांगतात. पुढच्या वर्षी मला त्यांची मदतनीस व्हायचं आहे, बघू काय होतं ते.

तुझी बोटं कशी आहेत? गरम पाण्यात हात बुडवतेस, की नुसतं मला तसं कळवतेस? लोभ आहे तसाच दाट राहू दे, आमच्या खळीसारखा.

तुझी,
मुंगी


घर,
९ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

माझी बोटं वाकडी झाली आहेत, स्मरणशक्ती नाही. तुझ्या त्या सरांच्या उजव्या भुवईवर व्रण आहे का ते बघ. असेल तर तो माझ्या सुरीचा आहे. कामटी सोलताना चुकून लागली होती. तेव्हा मी रडले होते, आता वाटतं जरा खोल लागायला हवी होती.

तुझे सर म्हणजे डावरा. नाटकाच्या कंपनीत आम्ही दोघं सोंगं करायचो. मुखवटे, तलवारी, प्राणी, जे लागेल ते. तो कोंबडा माझा. मान डुलवण्यासाठी मी किती कामट्या मोडल्या ते मालकाला विचार, म्हणजे तो जिवंत असला तर. रंगमंचावर नट यायच्या आधी माझ्या कोंबड्याला टाळ्या पडायच्या. एक दिवस डावरा म्हणाला, विद्यापीठात मोठी जागा निघाली आहे, कोंबडा नुसता दाखवून आणतो, आपल्या दोघांचं भलं होईल. मीच त्याला जुन्या चादरीत गुंडाळून दिला. मग एक ओळ आली. जागा मिळाली, कोंबडा सर्वांना फार आवडला. त्या ओळीत मी कुठेच नव्हते. पुढे मालकालासुद्धा कोंबडा त्याचाच वाटायला लागला. मी तोंड उघडलं तर जळते म्हणाले.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगू? बरं वाटलं. इतकी वर्षं हात चोळत बसले, आता उट्टं काढायची सोय माझ्याच भाचीच्या हातात आली.

नीट ऐक. कागद दोन पदरी लाव. दोन पदरांच्या मधे काळ्या कागदाची अक्षरं कापून सरकवलीस तर दिवसा कोणालाही काही दिसत नाही. आत दिवा लागला की मगच दिसतात. तुला फक्त दोन अक्षरं कापायची आहेत, चोर. पण डाव्या हाताचा असला तरी तो आंधळा नाही. मिरवणुकीआधी एकदा दिवा लावून बघेलच. तेव्हा पंखांची पिसं वरून उघडी ठेव, पिशवीसारखी. विचारलं तर सांग, वाऱ्याने कागद फाटला तर बदलायला सोपं पडतं. त्याची तपासणी झाली की मग अक्षरं आत टाक.

आणि कोंबड्याच्या पोटाखाली शिरून मानेची दोरी तोच धरेल. ती तो दुसऱ्याला देणार नाही, मला माहीत आहे. पोटाखालून पंख दिसत नाहीत. तो डुलत डुलत चालेल आणि सारं गाव वाचेल.

दादाला यातलं काही कळवू नकोस. तुझ्यावरचा लोभ वाढला आहे, त्याला कारण आहे हे तू जाणतेसच.

तुझी आत्या


वसतिगृह,
२१ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

व्रण आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा दोन दिवस मी शेडमध्ये गेलेच नाही. मला सर आवडत होते गं, त्याचाच जास्त राग आला. मग वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, कोंबड्याच्या गळ्यात हात टाकून. खाली छापलं होतं की ही कल्पना त्यांना एकदा चालता चालता सुचली आणि हा कोंबडा त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. तुझं नाव तर सोडच, महिनाभर बोटं भाजून घेणाऱ्या आम्हा पोरांचासुद्धा एका शब्दाने उल्लेख नाही. ढोल वाजवणारा एक उंच मुलगा आहे, त्याने ते पान खळीच्या बादलीत बुडवलं आणि कोंबड्याच्या पार्श्वभागाला चिकटवलं.

म्हणून मी त्या सगळ्यांना तुझी गोष्ट सांगितली. रागावू नकोस, एकटीने जमण्यासारखं नव्हतं. प्रत्येकाकडे एक पीस आहे, ज्याने त्याने आपल्या देशाच्या रंगात रंगवायचं. आता प्रत्येकजण आपापल्या भाषेत तुझा तो शब्द कापणार आहे. दुपारभर आम्ही एकमेकांना चोर म्हणायला शिकवत होतो. सर आत आले तर मी सोडून सगळे त्यांच्याकडे बघून आपापल्या भाषेत तो शब्द म्हणाले आणि सरांना वाटलं आम्ही नमस्कार करतोय. त्यांनी मान डोलावली.

पिसं वरून उघडी का, हे त्यांनी विचारलं. मी वाऱ्याचं कारण सांगितलं. हुशार आहेस म्हणाले. मदतनीसाच्या जागेवर मी केव्हाच पाणी सोडलं आहे, पण तरी ते ऐकून मी खळीची बादली उगाच ढवळत राहिले. तू मात्र माया पातळ करू नकोस, सूड होईपर्यंत तरी.

तुझी,
मुंगी


घर,
२७ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

आत्याला कळू न देता लिहितो आहे. सध्या ती घरात गुणगुणत हिंडते, दोनदा माझ्या चहात आपणहून साखर घातली, तेव्हाच मला संशय आला. विचारल्यावर सगळं अभिमानाने सांगून बसली. तुमचं दोघींचं डोकं फिरलं आहे असं माझं मत आहे, पण ते या घरात कधीच कोणी विचारलेलं नाही.

तिने तुला एक गोष्ट सांगितलेली नसणार. ती आणि तुझे सर लग्न करणार होते. कपडे आणून झाले होते, मीच बरोबर गेलो होतो. तो कोंबडा घेऊन गेला तेव्हा ती स्टेशनवर हसत हात हलवत होती. नंतर कितीतरी दिवस गाडीच्या वेळेला ती तोंड धुवून बाहेरच्या खोलीत बसायची. मी एकदा त्याला धरून आणतो म्हटलं तर ताट भिंतीवर फेकलं. त्याचा उल्लेख पुन्हा झाला नाही, तो थेट तुझ्या पत्रानंतर.

कंपनीच्या मालकाने पुढे जाहिरातीवर कोंबड्याखाली डावऱ्याचं नाव छापलं. ती जाहिरात आमच्या दारासमोरच्या भिंतीवर लागली होती. आत्या ती रोज जाता येता वाचायची. मला वाटतं, तिला जास्त लागलं ते हेच.

करू नकोस असं सांगायला बसलो होतो. आता ते लिहवत नाही. जपून कर, आणि स्वेटर धुऊन टाक. माझा जीव तुझ्यात असतो हे वेगळं लिहायला नको.

तुझा बाबा


वसतिगृह,
६ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झालं. पण तू सांगितलंस तसं नाही, म्हणून आधीच पाया पडते.

अक्षरं कापून तयार होती. पण बाबांनी मला काहीतरी लिहिलं (त्यांना ओरडू नकोस) आणि माझं मन फिरलं. दया आली म्हणून नव्हे. चोर लिहिलं असतं तर लोकांनी त्यांच्याकडेच बघितलं असतं. पुन्हा त्यांचीच चर्चा, पुन्हा त्यांचंच नाव. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की शब्द बदला. कुरकुर झाली, मग कात्र्या पुन्हा निघाल्या. आत्या, आम्ही तुझं नाव कापलं. प्रत्येक पिसात, प्रत्येकाच्या लिपीत. कोणाची अक्षरं उजवीकडून, कोणाची वरून खाली, एकीची तर नुसती चित्रंच वाटतात.

मिरवणुकीच्या संध्याकाळी सरांनी दिवा लावून बघितला. सगळं कोरं. ते खूश होऊन पोटाखाली शिरले, दोरी हातात घेतली. आम्ही पंखांभोवती गर्दी केली, वारा तपासतोय असं दाखवलं आणि ज्याने त्याने आपलं पीस भरलं. मग दिवे लागले.

रस्त्यावर या गावात राहणारे किती देशांचे लोक असतील! ज्याला जी लिपी येत होती त्याने तुझं नाव वाचलं. आधी एक बाई मोठ्याने म्हणाली, मग पलीकडून दुसऱ्याच उच्चारात कोणी म्हणालं. तुझं नाव तीन अक्षरी, ढोलावर अगदी बरोबर बसतं. त्या उंच मुलाने ते उचललं. वाचनालयाच्या वळणावर पोचेपर्यंत सगळा रस्ता तुझं नाव घेत होता, आणि जो तो विचारत होता की ही कोण. आम्ही सांगत होतो. हा कोंबडा तिचा.

तिथे कोंबडा थांबला. मान डुलायची बंद झाली. पोटाखाली मला फक्त सरांचे बूट दिसत होते. मागची मिरवणूक खोळंबली, लोक टाळ्या वाजवत होते, तुझं नाव घेतच होते. मला वाटलं आता ते सगळं टाकून बाहेर येतील. मग बूट हलले. शेवटच्या चौकापर्यंत त्यांनी तुझं नाव पाठीवर वाहून नेलं आणि मला आत्या, खोटं कशाला सांगू, आनंदाने रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी सामान बांधूनच गेले होते. ते खिडकीशी उभे होते. फक्त विचारलं की तिचे हात कसे आहेत. मला इतका राग आला की मी जाऊन बघा म्हणाले आणि दार आपटून निघाले. पत्ता मी दिलेला नाही.

माझ्यावर रागावली असलीस तर रागाव, पण पत्र पाठव. लोभात कपात झाली तर मी सहन करीन, बंद झाला तर नाही.

तुझी,
मुंगी


घर,
२ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच होते. सूड मागितला तर पोरीने सत्कार केला, असं म्हणून आठवडाभर दादाशी बोलले नाही, कारण तू हाताशी नव्हतीस. अजूनही माझं म्हणणं आहे की एखाद्या पिसात चोर राहू द्यायला हवं होतं, एका कोपऱ्यात का होईना.

पत्ता द्यायची गरज नव्हती. घर तेच आहे, भिंत तीच आहे. गेल्या पंधरवड्यात दारात टेम्पो थांबला. त्यात सुटा केलेला कोंबडा आणि पुढे ड्रायव्हरशेजारी डावरा, केस पार गेलेले. पंख, शेपटी, मान, सगळं जुन्या चादरींत गुंडाळलेलं. मी दार उघडलं नाही. दादाने उघडलं, त्याचा हिशोब मी नंतर करणार आहे.

तो माफी मागायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे, आधी माझा कोंबडा उभा कर. आणि त्याआधी वर्तमानपत्रात छापून आण. तर त्याने खिशातून छापलेलं काढलंच. माझं नाव आहे, वर, मोठ्या अक्षरात. त्याचं कुठेच नाही. मी चष्मा दोनदा पुसला, काच खराब होती म्हणून.

आता तो इथेच गावात खोली घेऊन राहतो आणि रोज सकाळी येतो. मी खुर्चीवर बसते, काठी मांडीवर. तो जमिनीवर बसून कोंबडा जोडतो. गुडघे दुखतात त्याचे, मला ऐकू येतात. चहा देत नाही. पाणी देते, तहानेने मेला तर सूड अर्धवट राहायचा. गाठी अजून उलट्याच मारतो. मी नुसती काठी टेकवते, त्याला कळतं कुठली चुकली ती. काल मला म्हणाला की तुझ्या हातून एकदा बांधलेली बघायची आहे. मी हात पुढे केले. बघून घे म्हटलं. त्यानंतर बराच वेळ त्याला दोरा ओवता येईना.

माफ केलेलं नाही. दादा मिशीत हसत असतो, तसं तू काही मनात आणू नकोस. खरं तर तो कोंबडा केव्हाच पुरा झाला असता, काम फार उरलेलं नाही. पण माझ्या बोटांना गाठ बांधता येत नसली तरी सोडता येते. संध्याकाळी तो गेला की मी दाभण घेऊन बसते आणि त्याने दिवसभर बांधलेल्या निम्म्या गाठी सोडून ठेवते. सकाळी तो येतो, बघतो आणि पुन्हा दोरा ओला करतो.

स्वेटर धुतलास का? लोभ आहे, आणि तो कोणी चादरीत गुंडाळून नेऊ शकणार नाही.

तुझी आत्या