रिसबूडांच्या सिनेमासह माझ्या मिळकतीची निरवानिरव

मी, शमशाद बाबालाल तांबोळी, वय छप्पन, धंदा घरकाम व पानाचे दुकान, राहणार मौजे पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना, समजून-उमजून, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कुणी धाक घातलेला नाही की गोड बोलून फूस लावलेली नाही. माझ्या यजमानांनी "एवढं तरी गाळ" असे दोन वेळा सांगितले. ते मी गाळलेले नाही. यावरून या घरात धाक कुणाचा आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या काळजाची झडप तपासून शस्त्रक्रिया सांगितली आहे. येत्या सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. मी बरी होऊन परत येणार, असे माझे आजचे मत आहे. परंतु माझी मते बदलतात, हे खाली येईलच. म्हणून हा कागद.

मला वारस दोनच: यजमान बाबालाल आणि मुलगी हसिना. आमच्या शरियतीप्रमाणे एका वारसाला मृत्युपत्राने काही द्यायचे तर दुसऱ्याची संमती लागते, असे भिवाजी दळवी वकिलांनी सांगितले. दोघांनीही माझ्या देखत होकार दिला आहे. माझ्यामागे कुणी शब्दावरून फिरू नये. सिनेमाच्या बाबतीत फिरलात तेवढे पुरे.

कलम एक. बाजारपेठेतले दोन खणांचे घर मला माझ्या मरहूम वडिलांनी बक्षीसपत्राने दिले. त्यात यजमानांनी हयात असेपर्यंत राहावे, त्यांच्यामागे ते हसिनाचे. ओटीवरच्या भिंतींना चुनाच असावा. हिरव्या ऑइलपेंटवर यजमानांचा फार दिवसांपासून डोळा आहे. तो रंग लागला तर मी कुठेही असले तरी मला कळेल.

कलम दोन. एस.टी. स्टँडसमोरचे पानाचे दुकान यजमानांकडेच राहावे. पितळी अडकित्ता मात्र हसिनाला. यजमान त्याने सुपारी कमी आणि बोट जास्त कातरतात.

कलम तीन. टेलिव्हिजन संच माझी नणंद बद्रुन्निसा हिला द्यावा, परंतु एका अटीवर. रिसबूडांचा कोणताही एक सिनेमा तिने तोंड मिटून शेवटपर्यंत पाहावा. गेली पंधरा-वीस वर्षे ती "भिकार, भिकार" म्हणत आली आहे आणि आजवर तिने त्यांचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. अट पाळली की नाही याची खात्री हसिनाने शेजारी बसून करावी.

आता हे रिसबूड कोण, ते सांगणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे समजायची नाहीत.

माधव रिसबूड हे सिनेमा काढणारे गृहस्थ. त्यांच्या सिनेमात गाणी नसतात, मारामारी नसते, माणसे फार बोलत नाहीत. काहींना ते थोर वाटतात, काहींना लुच्चे. आमच्या दुकानात पान बांधायला पुण्याहून रद्दी येते. यजमान ती आधी वाचून मग फाडतात, त्यामुळे गिऱ्हाईक ताटकळते. त्या रद्दीत रिसबूडांची स्तुती वाचून सन १९६१ साली ते मला पुण्याला 'पाणवठ्यापलीकडे' हा सिनेमा दाखवायला घेऊन गेले. मी नवे लुगडे नेसले होते. सिनेमात एक बाई चुलीपुढे बसते. चुलीवर दूध असते. बाई बघत राहते, दूध वर येते, आणखी वर येते, आणि बाई ढिम्म. माझ्याने राहवले नाही. मी भर थेटरात ओरडले, "अगं बये, फडकं घे की!"

सगळे थेटर हसले. यजमान हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुला कळत न्हाई तर गप बसता येत न्हाई व्हय? एवढा मोठा माणूस त्यो."

मी म्हणाले, "मोठा असंल. पन दूध फुकट घालवतोय."

त्यावर ते एका गाडीने आले आणि मी दुसरीने. पुढे त्यांनी त्या सिनेमावर दुकानात इतकी व्याख्याने दिली की लोक तंबाखू घ्यायला पिरंगुटला जाऊ लागले.

मधल्या काळात माझी आई गेली. दफन करून माणसे परतली, शेजारणींनी चूल पेटवून दिली आणि त्या आपापल्या घरी गेल्या. मी दूध ठेवले आणि बसले. ते वर आले, उतू गेले, निखारे विझले. मी सगळे पाहत होते आणि माझा हात काही उठला नाही. तेव्हा मला कोणताही सिनेमा आठवला नाही.

आठवला तो सन १९७५ साली. उरुसात तंबू लागला होता आणि तंबूवाल्याने कुठूनसा स्वस्तात तोच सिनेमा आणला होता. निम्मा गाव विड्या ओढायला बाहेर गेला. मी बसून राहिले. ती बाई चुलीपुढे बसली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. इतक्यात मागून एक तरुण ओरडला, "मावशी, फडकं घ्या की!"

तंबू हसला. मी उठून उभी राहिले आणि मागे वळून म्हणाले, "कुनाचा रे तू? आई हाय का तुला?"

तो गडबडला. म्हणाला, "हाय की. भऱ्याला."

"मग घरी जा आनि तिच्याजवळ बस. हितं तुझं काय काम?"

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला दुकानात आला. नाव महंमद शेख, राहणार जवळच्याच भरे गावी, एस.टी.त कंडक्टर. दुकानात यजमान होते. त्यांनी त्याला फुकट पान खिलवले! कारण एव्हाना त्यांचे मत फिरले होते. वय झाले, पाठ दुखू लागली, आणि तंबूत मांडी घालून बसल्यावर त्यांना साक्षात्कार झाला की रिसबूड लबाड आहेत, शहरातल्या रिकाम्या लोकांची करमणूक करतात. "पोरगं खरं बोलतंय," ते मला म्हणाले. "आपल्या हसिनासाठी बरं हाय."

मी सांगितले, ज्या माणसाला त्या जागी हसू येते त्याच्या घरात मी माझी मुलगी देणार नाही. घरात दोन महिने हा एकच विषय होता. यजमान मला "तुला कळत न्हाई" म्हणायचे ते सोडून "लई कळतंय तुला" म्हणू लागले. मी त्यांना "एवढा मोठा माणूस त्यो" म्हणू लागले. नणंदबाई रोज येऊन दोन्ही बाजूंनी तेल ओतत, आणि जाताना वाटीभर साखर नेत. ती वाटी टीव्हीबरोबर वसूल करावी.

एकदा हसिना भांडी घासता घासता म्हणाली, "अम्मा, त्यानं तरी मावशी म्हटलं. तू तर बये म्हणाली हुतीस."

मी विचारले, "तुला कुनी सांगितलं?"

"अब्बानं. आख्ख्या पौडाला ठावं हाय."

"तुला त्यो पोरगा पसंत हाय का?"

तिने तवा इतक्या जोरात घासला की मला उत्तर मिळाले. मी भऱ्याला निरोप धाडला. लग्न झाले. जावई गुणी निघाला. फक्त माझ्यासमोर अजून दूध पीत नाही, चहा सांगतो.

कलम चार. रिसबूडांविषयीचे माझे मत. हे स्थावरही नाही आणि जंगमही नाही, तरी याची नोंद असावी, कारण माझ्यामागे यजमान ते आपल्या सोयीने सांगतील.

गेल्या महिन्यात शनिवारी टीव्हीवर 'पाणवठ्यापलीकडे' लागला. डॉक्टरांकडून येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. या खेपेला मला वाटले की पहिला अर्धा भाग फार लांब आहे, पाटील झालेला नट दाढी चिकटवून आलेला आहे हे दिसते, आणि शेवट रिसबूडांना सुचलेला नसावा. दुधाची जागा मात्र खरी आहे. थोर माणूस नव्हे, लुच्चाही नव्हे. ज्याला एक गोष्ट ठाऊक होती आणि त्याभोवती त्याने दोन तास रचले, असा माणूस. हे माझे आजचे मत.

यजमान काय म्हणतात म्हणून मी पाहिले. सिनेमात त्या बाईचा नवरा सकाळी घरातून जातो आणि मागे वळून पाहत नाही. पूर्वी यजमानांना ही जागा फार आवडे, पुढे ती त्यांना खोटी वाटू लागली. या वेळी ते एकदम उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्या नवऱ्याला म्हणाले, "आरं, वळून बघ की, गाढवा!" मग सबंध रात्रभर ते रिसबूडांना शिव्या देत होते आणि नाक पुसत होते. सिनेमा वाईट आहे, असेच त्यांचे म्हणणे आहे. मी वाद घातला नाही. लग्न झाल्यापासून अशी वेळ प्रथमच आली.

कलम पाच. माझ्या मातीला रडायला यायचे त्याने यावे. जेवण साधे करावे. नणंदबाईंनी भाषण करू नये.

साक्षीदारांविषयी. शेजारचे सायकल दुकानदार गेणबा ढमाले आणि माझी मैत्रीण चंद्राबाई शेडगे यांना आज ओटीवर बोलावले आहे. यजमानही सदरा बदलून, पेनात शाई भरून बसले होते. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे दळवी वकिलांनी त्यांना समजावले. यजमानांनी पेन काही खाली ठेवले नाही. मग म्हणाले, "घर नको मला. काढून टाका ते कलम. पन हिच्या कागदावर माझी सही पायजे."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, घर राहू द्या, आणि सहीला जागाही राहू द्या. कायद्यात कुठे बसत नसेल तर कागद मोठा आहे, खाली बसेल.

लिहून देणार: शमशाद बाबालाल तांबोळी
ठिकाण: पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे
तारीख: ८ नोव्हेंबर १९८५

साक्षीदार:
१. गेणबा ढमाले, पौड
२. चंद्राबाई शेडगे, पौड (अंगठा)

सगळे वाचले. घर, दुकान, टीव्ही मान्य. कलम चार मान्य नाही. त्याबद्दल बोलायला हिने सोमवारनंतर घरी यावे.
बाबालाल तांबोळी