पेट्री रोज दहाला येतो

सोमवार, ३ फेब्रुवारी
डंडी शहरातला पहिला दिवस. नदीकाठी नऊ मजली इमारत उभी राहतेय आणि तिच्या फाटकाशी मला माझी स्वतःची केबिन मिळालीय! दोन खुर्च्या, किटली, बिस्किटांचा डबा, दारावर पाटी : 'मन मोकळं करा'. वीस वर्षं दवाखान्यात नर्स होते; आता इथल्या गड्यांची समुपदेशक. स्वतःचं दार हे पहिलंच. साइट मॅनेजर रँकिनसाहेब म्हणाले, एफीबाई, आमचे गडी दगडाचे आहेत, तुमचं विणकाम भरपूर होईल. मीही हसले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
चार दिवसांत एक जण फिरकला नाही. टोमणे मात्र येता-जाता. "आई आली रे, रडून घ्या!" गिलाव्यावरचा फर्गस सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो. आणि त्याचेच डोळे लाल, खोल गेलेले. बायको मुलीला घेऊन माहेरी आबर्डीनला गेलीय, असं कॅन्टीनवाली सांगत होती. त्याला आठवडाभर सुट्टी द्या, असं मी रँकिनना म्हटलं. त्यांनी फॉर्म भरायला सांगितला.

सोमवार, १० फेब्रुवारी
अखेर एक जण आला! दहाच्या चहाला. डंकन पेट्री, परांची बांधतो. कपाला हात लावला नाही. खिडकीतून सातव्या मजल्याकडे बघत एवढंच म्हणाला, की फर्गसकडे लक्ष ठेवा. तेवढ्यात फोन वाजला. मान वळवून पाहते तर गेलेला.

बुधवार, १२ फेब्रुवारी
पेट्री रोज येतो, रोज तेच सांगतो. माझे तीन फॉर्म रँकिनच्या टेबलावर तसेच पडलेत. काम सहा आठवडे मागं आहे म्हणे, सातव्या मजल्याचा गिलावा शुक्रवारी संपलाच पाहिजे. फर्गसला जिन्यात गाठलं. "बाई, माझं डोकं जागेवर आहे, तुमची किटली सांभाळा." भिंतीशी बोलावं तसं झालंय माझं. नुसता संताप येतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
माझं नाही तर पेट्रीचं तरी ऐका, असं रँकिनना सुनावलं. ते दचकले नाहीत. कंटाळल्यासारखे दिसले. म्हणाले, "तुमच्याकडेही यायला लागला का?"

पेट्री नोव्हेंबरात सातव्या मजल्यावरून पडून मेला. माझ्या आधीच्या बाईंनाही दिसायचा. त्याही असेच फॉर्म भरायच्या म्हणे. रँकिन म्हणाले, चहा द्या, बोभाटा करू नका, काम थांबेल.

काम थांबेल!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सकाळी आठ. रँकिनशी कडाक्याचं भांडण. फर्गसला आत्ता खाली उतरवा. म्हणतात, दुपारपर्यंत थांबा. मी त्याच्या बायकोला फोन केला. ती निघतेय, साडेदहापर्यंत पोचेल.

पावणेदहा. सातव्या मजल्यावर जाऊन आले. फर्गस एकटाच होता — आणि बोलला. तीन आठवडे झोप नाही, डोक्यात कुणी सतत करवत चालवतंय, म्हणाला. बायको येतेय ऐकून ढसाढसा रडला. थापी धुऊन आलोच, तुम्ही व्हा पुढं, म्हणाला. मी खाली आले. त्याला एकटं सोडून — मी, नर्स —

दहा. पेट्री आला नाही.

दहा वाजून पाच. भोंगा. सगळं काम थांबलं. गडी मागच्या अंगाला धावतायत. रँकिनही. उठणार तोच दार —

फर्गस. समोर बसलाय. अंगावर ओला गिलावा. मान वर करायचा धीर नाही म्हणून लिहितेय. विचारतोय — बाई, तिकडं खाली कोण पडलंय, आणि सगळे माझंच नाव का —