पाठमोरा चेहरा

कांतू, ११ नोव्हेंबर

प्रिय ओर्नेला,

सहा वर्षांनी पहिलं पत्र, तेही रडगाण्याचं. आपला जुना कारागीर जेर्वाझिओ अजून कामावर येतो. गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. तुझी आई गेल्यापासून मक्याच्या पिठाची पोलेंता मीच ढवळतो आणि रोज करपवतो. तू तूरीनला लोकांचे दरवाजे रंगवतेस, असं तोच सांगत होता. तुझा हात त्यासाठी नव्हता.

आपलं पहिलं कपाट घेतलेल्या मिलानच्या बाईंनी, त्या वास्तुकाराच्या नातीने, दुसरं कपाट सांगितलंय. आजोबांच्या रेखाचित्रांतलं एक दिलंय: दोन दारं, दोन चेहरे, एकमेकांकडे बघणारे. सहा आठवडे खपलो. परवा दारं बसवली, तर डावीकडची बाई उजवीकडच्या पुरुषाकडे बघतेय आणि तो बाबा तिला पाठ करून उभा! जेर्वाझिओ हळूच म्हणाला, "टार्चिझिओ, नकाशा उलटा करायला विसरलास रे."

पोरी, लाकडाचे पापुद्रे कापून चित्र आपण पालथं जुळवतो, म्हणून आधी कागदावरचा नकाशा उलटा करायचा, हे तुला नवव्या वर्षी मीच शिकवलं. चुकलीस की टपली मारायचो. आणि पन्नास वर्षं यात हाडं झिजवून मीच विसरलो, तेही एकाच दाराला. कोमोच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सगळे आकडे एका बाजूला जाऊन बसले. हा विसर वाढतच जाणार, म्हणाल्या. मला फार भीती वाटते गं.

पण पत्र त्यासाठी नाही. काल मिलानच्या बाई आल्या होत्या. पहिलं कपाट इतकं जिवंत कसं कापलंत, असं विचारलं. मी सांगत सुटलो, करवतीचं पातं कसं धरलं, काळं आबनुसाचं लाकूड कसं निवडलं. त्या गेल्यावरही मला वाटत होतं की ते मीच कापलं. ओर्नेला, ते तू कापलंस. मी आत माझं नाव कोरलं आणि तुला म्हणालो, "कारखाना माझा, नाव माझंच." तू त्याच आठवड्यात गेलीस. जेर्वाझिओ तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलेला. दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. इतकी वर्षं मी समजून-उमजून खोटं बोललो. आता ते मला खरं वाटायला लागलंय. उद्या तू समोर आलीस तरी मी शपथेवर सांगेन की कपाट माझंच, तुझ्यावर ओरडेनसुद्धा. तेव्हा माझं ऐकू नकोस. बाईंना हा कागद दाखव. खाली सही केली आहे, आज मला सगळं आठवतंय.

तुझाच अपराधी बाप,
टार्चिझिओ