आईचं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ. डमडम.

आज माझ्याच सांगण्यावरून आईचं डेबिट कार्ड कापलं गेलं. त्या कात्रीचा आवाज कानातून जात नाही.

आई जाऊन आठ महिने झाले. खातं तिच्या आणि बाबांच्या नावावर होतं, तसंच राहिलं. बाबा दर दोन दिवसांनी एटीएममधून तिच्या कार्डावर शंभर रुपये काढायचे, आणि महिन्यातल्या फुकटच्या वेळा संपल्या की बँकेनं शुल्क कापल्याचा मेसेज माझ्या फोनवर यायचा. आपलेच पैसे काढायचे, त्यालाही दंड? शेवटी बाबांना घेऊन शाखेत गेले, चांगलीच भांडले. तिथली मुलगी शांतपणे हिंदीत म्हणाली, "नियम आहे, दीदी. आणि हे कार्ड तर गेलेल्या व्यक्तीचं आहे."

"मग बंदच करून टाका!" मी म्हटलं. बाबांना विचारलंसुद्धा नाही. का नाही विचारलं? तिनं कात्री घेतली. बाबा नुसते बघत राहिले.

परत येताना टोटो रिक्षात बाबा म्हणाले, "कार्ड घातलं की स्क्रीनवर तिचं नाव यायचं गं. वेलकम, सुलभा. पैसे न काढता नुसतं कसं उभं राहायचं? मागं माणसं असायची."

त्या शंभर रुपयांवरून किती वेळा ओरडले मी त्यांना! आणि ती कात्री...

घरी आल्यावर चहा त्यांनीच टाकला. कप माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "आता नाही ना कापणार पैसे?"

टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

"नाही, बाबा," मी म्हटलं.